मोकळी वीस मिनिटं

मेरिन ट्रेंगोव्हला वर्गमूळ काढता येत नव्हतं आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. तरी ॲडलेडच्या संख्याशास्त्र मंडळाचं तिच्यावाचून पान हलत नसे. मंडळात गणिती पुष्कळ होते. पण पाहुण्याला विमानतळावरून कोण आणणार, पडद्यावर चित्र उमटलं नाही तर वायरी कोण उपसणार, आणि दोन नामवंत एकमेकांचं तोंड पाहत नसतील तर त्यांना जेवायला किती टेबलं लांब बसवायचं, हे सगळं मेरिनकडे. ती मंडळाची चिटणीस होती. नेमणूक झाली तेव्हा तिचे केस तांबूस होते. ही हकिकत घडली तोवर पांढरे झाले होते आणि रंगवायचा नाद तिने सोडून दिला होता.

तिचं माहेर वालारूचं. बाप बंदरावरच्या गव्हाच्या कोठारात काट्यावर बसायचा. तांब्याच्या खाणींसाठी कॉर्नवॉलहून आलेल्यांच्या वंशातली ही माणसं. खाणी बंद पडून तीन पिढ्या झाल्या तरी शनिवारी पेस्टी करायचं काही सुटलं नव्हतं. मांस-बटाटा भरलेल्या प्रत्येक पेस्टीच्या टोकाला आई सुरीने त्या त्या माणसाच्या नावाचं अक्षर कोरायची. ज्याची त्याची ती. माणूस उशिरा आला तरी त्याच्या अक्षराला दुसऱ्याने हात लावायचा नाही, पोटात कितीही कावळे ओरडोत. मेरिनने कामातही हीच शिस्त आणली. ज्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत, त्याची खुर्ची, त्याचं पाणी, त्याचा वेळ. नवरा नेव्हिल कुरकुरायचा, "बाई गं, तुझ्या पत्रिकेत माझं नाव असतं तर मलाही या घरात जागा मिळाली असती!" पुढे तो पर्थला गेला आणि तिथेच दुसरं बिऱ्हाड मांडून बसला. मेरिन सेमाफोरला, समुद्राजवळच्या एका लहान घरात एकटी राहू लागली. नेव्हिल गेला तेव्हा एक अधिवेशन तोंडावर आलं होतं, म्हणून तिने रडणं पुढे ढकललं; अधिवेशन पार पडल्यावर रडू आलं नाही.

या संख्याशास्त्रज्ञांबद्दल थोडं सांगायला हवं. माणसं सज्जन, भांडणंसुद्धा हळू आवाजात करणारी. पण जेवण मागवायचं झालं तरी यांची समिती बसते. नाव नोंदवून न येणारे किती असतात, पावसात किती, शेवटच्या दिवशी किती, याचे तक्ते त्यांनी करून ठेवलेले. त्यावरून शंभर माणसांमागे सात पानं कमी मागवायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मेरिनच्या पाचावर धारण बसली होती.

"आणि सगळेच आले तर?"

"येत नाहीत," प्राध्यापक एर्विन नोस्के म्हणाला होता.

आणि खरंच येत नसत. एखाद-दुसऱ्या वर्षी दोन-चार माणसं रिकाम्या ताटल्या घेऊन उभी राहत, मग मेरिन समोरच्या बेकरीतून त्यांना काहीबाही आणून देई. तेवढ्यावर भागायचं. वर्षागणिक मेरिनचा नोस्केवरचा विश्वास घट्ट होत गेला, आणि तो काही नुसत्या जेवणावरून नव्हे. हा नोस्के बारोसाच्या द्राक्षमळ्यांतल्या जर्मन घरातला, उंच, पोक काढून चालणारा. मेरिनची आई गेली तेव्हा त्याने आपल्या गाडीतून तिला वालारूला नेलं, आणि पाहुणे बसलेले असताना तो प्राध्यापक स्वयंपाकघरात उभा राहून कपबशा विसळत होता. अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कसा?

या लोकांचा आणखी एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वक्ता आला नाही तर त्याची वीस मिनिटं मोकळी ठेवायची, पुढच्याला अलीकडे ओढायचं नाही. मोठ्या अधिवेशनात एकाच वेळी अनेक दालनांत भाषणं चाललेली असतात, लोक घड्याळ बघून या दालनातून त्या दालनात धावतात. एकाने वेळ हलवली की सगळ्यांचा गोंधळ. म्हणून सत्राचा अध्यक्ष नुसतं 'वक्ते आलेले नाहीत' म्हणतो आणि भरलं दालन वीस मिनिटं हातावर हात ठेवून बसतं. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. मेरिनला मात्र हा नियम मनापासून आवडायचा. त्याला आईच्या स्वयंपाकघराचा वास होता.

मग जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांचं थोरलं अधिवेशन ॲडलेडला भरणार असं ठरलं. दोन हजारांवर माणूस येणार, म्हणजे मेरिनच्या साऱ्या कारकिर्दीवर कळस चढणार. नोस्के स्वागत समितीचा अध्यक्ष झाला. मेरिनने आनंदाने नवे बूट घेतले. पण आधीच्या यजमान शहराकडून शुभेच्छांच्या आधी कुरबूर येऊन पोचली. तिथे पुष्कळांनी निमंत्रणपत्र मागवून घेतलं, ते दाखवून व्हिसा मिळवला, आणि अधिवेशनात त्यांची सावलीही दिसली नाही. काही नावांची माणसंच जगात नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी खात्याने मंडळाला कळवलं की या वेळी पत्रं पारखून द्या. नाही तर तुमच्या पत्राला किंमत राहणार नाही आणि खऱ्यांचेही व्हिसा अडतील. ही भीती काही खोटी नव्हती.

नोस्केने तोड काढली ती त्याच्या जातीला शोभेल अशी. आधीच्या अधिवेशनांतल्या खोट्या अर्जांवरून त्याने गुणांची एक पद्धत बसवली. फुकटच्या ईमेलवरून आलेला अर्ज, इतके गुण. फी माफ करा म्हणणारा, इतके. निबंधावर एकट्याचंच नाव, इतके. पूर्वी कधीच आलेला नाही, इतके. देशालाही गुण होते. त्याबद्दल समितीत जरा चुळबुळ झाली, पण गुण राहिले. बेरीज ठरलेल्या रेषेवर गेली की पत्र नाही.

"आपण जेवणाचं करतो ना, तसंच आहे हे," नोस्केने समितीला समजावलं.

"यात खरे किती अडकतील, एर्व?" मेरिनने विचारलं.

"शंभरात दोन. फार तर तीन."

"मग त्या तिघांचं काय करायचं?"

"काय करणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं, मेरिन. एकही चूक नको असेल तर सोपा उपाय आहे. अधिवेशनच भरवू नका!"

सगळे हसले. मेरिनही हसली. हसण्याला तिचंही कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका परदेशी विधवा प्राध्यापिकेची पत्रं वाचून तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि तिने रातोरात निमंत्रण धाडलं होतं. पुढे कळलं की ती विधवा म्हणजे एक मिशाळ दलाल होता आणि तेच पत्र दाखवून त्याने कित्येकांना गंडवलं होतं. तेव्हापासून ती ताकसुद्धा फुंकून पीत असे. पत्रांवर सही तिचीच असायची. नोस्केने नियमांत तिच्यासाठी एक खिडकी मुद्दाम ठेवली होती: चिटणीसांना योग्य वाटलं तर त्यांनी गुण बाजूला ठेवून सही करावी. "तुला झोप लागावी म्हणून," तो म्हणाला होता. म्हणजे दार बंद झालं तरी किल्ली मेरिनच्याच हातात होती.

मार्चच्या सुरुवातीला डॉक्टर इख्लास बाबिकर नावाच्या बाईचा अर्ज आला. तिच्या देशात दोन सेनापतींची लढाई जुंपलेली होती. त्या देशाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी नकाशावर नेमकं बोट ठेवू शकणारे आपल्यात थोडेच. तिचं विद्यापीठ जळालेलं, म्हणून ईमेल फुकटचं. पगार बंद, म्हणून फी माफीची विनंती. सोबत काम करणारे पांगलेले, म्हणून निबंधावर एकटीचं नाव. पूर्वी ती कधी आली नव्हती, आणि देश तर असा. नोस्केच्या तक्त्यातलं एकही घर तिने रिकामं ठेवलं नाही. मेरिनने ठरावीक उत्तर पाठवलं: आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही, क्षमस्व.

दुसऱ्याच दिवशी उलट उत्तर आलं. "माझा निबंध तुमच्याच परिषदेने स्वीकारला आहे. बुधवारी सकाळी, दालन नऊ. मग मला पत्र का नाही?"

मेरिनने पत्रिका उघडून पाहिली. नाव होतं. निबंध निवडणारी समिती वेगळी, देशोदेशी विखुरलेली. तिने निबंध बघितला, आवडला, घेतला. पत्र देणारी समिती ॲडलेडची. तिने गुण बघितले. या हाताचं त्या हाताला कळू नये हे दानधर्मात ठीक, कारभारात त्यानं माणसं मरतात. मेरिन निबंधाचा सारांश वाचायला बसली. एरवी ती कधी वाचत नसे, पण हा तिला समजला. एका शहरात किती माणसं मेली हे कोणालाच सांगू देत नाहीत. तेव्हा इख्लासने दोन याद्या करवल्या. एक दफन करणाऱ्यांची. दुसरी गल्लीगल्लीतल्या फुकट अन्नछत्रांतल्या बायकांची: कालपर्यंत भांडं घेऊन येणारं कोण आज आलं नाही. दोन्ही याद्यांत मिळून किती नावं सारखी सापडतात, यावरून एकाही यादीत नसलेली किती असतील याचा अंदाज बांधता येतो. मेरिनने तो सारांश दोनदा वाचला आणि तडक नोस्केकडे गेली.

नोस्के नदीकाठच्या बाकावर बसून सँडविच खात होता. तिने सगळं सांगितलं.

"खरी वाटते गं," तो म्हणाला. "पण खोटे लोक याहून चांगलं लिहितात. तुझ्या त्या विधवेचं विसरलीस का?"

"ती खपली काढू नकोस."

"काढत नाही. किल्ली तुझ्याकडे आहे, कर सही. पण उद्या असंच दुसरी कोणी लिहील, तिलाही कर. परवा तिसरीला. मग पद्धत कशाला केली आपण?"

"तिच्या ओळखीचं कोणी मिळालं तर?"

"हां. हे शहाणपणाचं. एक साक्षीदार माग. तेवढं झालं की मीही तुझ्या बाजूने."

किती समजूतदार सल्ला! दोघांनाही बरं वाटलं. इख्लासने नैरोबीतल्या आपल्या जुन्या शिक्षकांचं नाव कळवलं, मेरिनने त्यांना लिहिलं, आणि वाट बघत बसली. ते गृहस्थ इस्पितळात होते, हे तिला ठाऊक नव्हतं. इकडे कामाचा नुसता रगाडा: मंडप, दुभाषे, कोणाला डुकराचं चालत नाही, कोणाला दाण्यांनी सूज येते. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, इख्लासचा तिसरा संदेश आला.

"सीमेकडचा रस्ता या महिन्याच्या अखेरीपर्यंत चालू राहील असं म्हणतात. व्हिसाची कचेरी सीमेपलीकडे आहे. कृपा करून लवकर ठरवा. नाही म्हणायचं असेल तर तेही सांगा, म्हणजे मी दुसरं काही बघेन."

कचेरीत सगळे ईस्टरचे गोड पाव वाटत होते. मेरिनने संदेश वाचला. तिचा हात सहीकडे गेलाही होता. मग तिला तो मिशाळ दलाल आठवला, वर्तमानपत्रात आलेलं मंडळाचं नाव आठवलं, आणि तिने नैरोबीला आठवणीचं एक पत्र टाकून कुलूप लावलं. चार दिवस ती वालारूला बहिणीकडे राहिली. तिथे किनाऱ्यावर फिरताना दोनदा तिच्या मनात आलं की परत जावं, सही करावी. गेली नाही. सुट्टीच्या दिवशी एका अनोळखी बाईसाठी दोन तास गाडी हाकायची म्हणजे हसंच व्हायचं, असं तिला वाटलं.

नैरोबीचं उत्तर मेच्या मध्यावर आलं. "माझी विद्यार्थिनी आहे. मोजण्यात तिच्याइतकं प्रामाणिक माणूस मी पाहिलं नाही. हे विचारायला तुम्ही थांबलात?" मेरिनने त्याच क्षणी सही केली. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं.

संध्याकाळी इख्लासचं उत्तर आलं. "पत्र मिळालं. देव तुमचं भलं करो. बस बंद झाल्या आहेत, पण मिठाचे ट्रक अजून जातात, त्यातून जाईन. पलीकडे पोचले की लिहिते. जुलैत तुमच्याकडे थंडी असते म्हणे? माझ्याकडे कोट नाही."

"कोट मी आणून ठेवते," मेरिनने लिहिलं. "तुम्ही फक्त या."

त्या शनिवारी तिने सेमाफोरच्या धर्मादाय दुकानातून एक जाड हिरवा कोट घेतला, गुंडी सैल होती ती शिवली आणि कचेरीत खुंटीला टांगला. बर्निस म्हणून तिची सोबतीण होती, नावनोंदणीच्या टेबलावर बसणारी; तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"हा कोणासाठी गं? नेव्हिल परत येतोय की काय?"

"बायकी कोट आहे, आंधळे."

"त्याचं काय सांगावं, पर्थची हवा!"

मेरिन हसली. मे गेला, जून गेला. पलीकडे पोचल्याचं पत्र आलं नाही. मेरिन रोज सकाळी आधी ते बघायची आणि मग बाकीचं काम. तिने चारदा लिहिलं, उत्तर नाही. बर्निसने कोटाबद्दल बोलायचं सोडून दिलं. छपाईच्या आधी न येणाऱ्यांची नावं पत्रिकेतून गाळायची वेळ आली तेव्हा नोस्केने विचारलं, "बुधवारची ती बाई? दालन नऊ?"

"राहू दे."

"मेरिन, व्हिसाचा पत्ता नाही तिच्या."

"नाव राहू दे म्हटलं ना, एर्व! कोणाचं काय जातंय त्यात?"

इतक्या वर्षांत ती त्याच्यावर पहिल्यांदाच ओरडली. नाव राहिलं.

जुलैत अधिवेशन भरलं. नदीवरून बोचरा वारा सुटलेला, उत्तरेकडचे पाहुणे 'ऑस्ट्रेलियात ऊन असतं ना?' म्हणत कुडकुडत होते. या भूमीच्या मूळच्या, कौर्ना लोकांतल्या एका आजींनी सगळ्यांचं स्वागत केलं. सगळं कसं तेल घातल्यासारखं चाललं. जेवणाची पानं शंभरामागे सात कमी मागवली होती आणि एकही माणूस उपाशी राहिला नाही. गुणांच्या पद्धतीची तर वाहवा झाली. खोटं असं कोणीच आलं नव्हतं. पुढच्या यजमानांनी नोस्केकडे तो तक्ता मागितला आणि त्याने आनंदाने दिला. नवे बूट चावत असताना मेरिन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. हिरवा कोट नोंदणीच्या टेबलामागे टांगलेला होता.

बुधवारी सकाळी बर्निस तिला शोधत आली. तिच्या हातात चौकशीचा फोन होता आणि तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं.

"हे तुझ्यासाठी असावं," ती म्हणाली.

मेरिनने वाचलं. "मी हुयाम, डॉक्टर इख्लासची धाकटी बहीण. ती तुमचं पत्र घेऊन मे महिन्यात निघाली. तेव्हापासून तिचा फोन लागत नाही. आज तुमच्या पत्रिकेत पाहिलं, आत्ता तिचं भाषण आहे. आईला मी सांगितलं की नाव आहे म्हणजे ती पोचली. पोचली ना?"

मनाच्या समाधानासाठी मेरिनने ते नाव छापू दिलं होतं; आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी त्या नावावर आशा लावून बसली होती.

"काय लिहू?" बर्निसने हळूच विचारलं. "मी कळवू का, चौकशी करतो म्हणून?"

"नको. मी बघते."

फोन घेऊन ती दालन नऊकडे गेली. मागच्या रांगेत बसली. दालन बऱ्यापैकी भरलं होतं; मृतांची गणती हा विषय हल्ली चालतो. सत्राचा अध्यक्ष म्हणून नोस्के पुढे बसला होता. पहिल्या वक्त्याला टाळ्या पडल्या. मग पडद्यावर पुढचं नाव उमटलं, डॉक्टर इख्लास बाबिकर, आणि त्याखाली निबंधाचं नाव: 'दोन्ही याद्यांत नसलेले'.

नोस्के उठला. "वक्त्या येऊ शकलेल्या नाहीत," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे पुढचं भाषण आपल्या वेळेवर सुरू होईल."

लोकांनी पाय पसरले. कोणी फोन काढला, कोणी कॉफीला गेलं. पुढच्या रांगेत दोघं कुठल्या तरी विमान कंपनीच्या जेवणावरून खिदळत होते. मेरिन उठून पुढे गेली आणि फोन नोस्केच्या हातात दिला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मेमध्ये निघाली," तो म्हणाला.

"हो."

"रस्ता..."

"एप्रिलअखेर बंद झाला होता. तिने कळवलं होतं मला."

त्याने भरल्या दालनाकडे पाहिलं. मग जड आवाजात म्हणाला, "मी यांना सांगतो. दोन मिनिटं उभे राहू सगळे."

"कशासाठी? मेली असं सांगणार? तुला माहीत आहे का?"

नोस्केने मान खाली घातली. त्याला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. कुठल्या यादीत तिचं नाव असेल, असेल तरी की नाही, हे सांगू शकणारं माणूस त्या दालनात एकच असायला हवं होतं, आणि त्याचीच खुर्ची रिकामी होती.

"शंभरात दोन म्हणालो होतो मी," तो पुटपुटला. "आपण धरलं होतं हे, मेरिन."

"धरलं होतं. मीपण हसले होते."

तिला त्याला बोल लावायचा नव्हता. नियमाला फट त्याने ठेवली होती, आणि त्या फटीसमोर दोन महिने हात बांधून उभी राहिली होती ती स्वतः. दलालाने फसवलं तेव्हा तिची नाचक्की झाली होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून तिने एका बाईचा रस्ता घालवला होता. असं तिने मनाशी स्पष्ट म्हटलं.

मग तिने पहिल्याच रांगेत बसून उत्तर लिहिलं. "ती पोचलेली नाही. नाव पत्रिकेत मी राहू दिलं, त्याबद्दल मला माफ करा. ती पलीकडे पोचल्याचंही मला कधी कळलं नाही. पत्र मी उशिरा दिलं."

तिने ते पाठवलं आणि फोन मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत राहिली. नाव अजून तिथेच होतं. मागे कोणीतरी जोरात हसलं. कॉफीला गेलेले एकेक करून परतू लागले, खुर्च्या सरकल्या. पुढचा वक्ता आपले कागद घेऊन पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला आणि घड्याळाकडे बघू लागला. नोस्के त्याच्याकडे न बघता चष्मा पुसत होता.

फोन थरथरला. हुयामचं उत्तर आलं होतं. त्यात रडणं नव्हतं, शिव्या नव्हत्या, एकच प्रश्न होता.

"तिने पहिल्यांदा कधी मागितलं होतं?"

पडद्यावरचं नाव गेलं आणि दुसरं आलं. नोस्केने वक्त्याची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या, आणि भाषण ठरलेल्या मिनिटाला सुरू झालं. मेरिनने फोन उचलला आणि लिहिलं, "मार्चमध्ये."